मोतीरामच्या कानातली हवा

डहाणूच्या खाडीतून सुटणाऱ्या होड्यांमध्ये भिकू तांडेलाची होडी सगळ्यात गप्प. बाकीच्या होड्यांवर गाणी असत, शिव्या असत, आणि नवं राज्य झाल्यापासून दोन होड्यांवर इंजिनंही आली होती, त्यामुळे तिथं गाणी आणि शिव्या दोन्ही ओरडून म्हणाव्या लागत. भिकूच्या होडीवर मात्र जाळं टाकायची वेळ आली की खोकायचीही बंदी. कारण तेव्हा मोतीराम कान लावून बसलेला असे.

ही भिकूच्या घराण्याची पद्धत. बांबूचा एक लांब कळक घ्यायचा, त्याची पेरं आतून फोडून तो आरपार पोकळ करायचा, एक टोक पाण्यात सोडायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा. खाली घोळ मासळीचा थवा असला की ती पोटातून गुरगुरते, जेवून आडव्या झालेल्या सासऱ्यासारखी. ती गुरगुर कळकातून वर येते. कुठल्या बाजूनं येते, किती खोल आहे, थवा उभा आहे की चाललाय, हे ओळखणारा कान घराण्यात पिढीत एखाद्यालाच मिळे. या पिढीत तो भिकूच्या चुलतभावाला, मोतीरामला मिळाला होता.

तोही एकच. डावा कान लहानपणी फुटून वाहिला आणि वाहता वाहता निकामी झाला. त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही, कारण उजवा दोघांचं काम करत होता. मोतीरामचे दंड बारीक होते. वल्हं मारताना तो दुसऱ्यांच्या तालात नुसता हात हलवी आणि कुणी काही बोलत नसे. लग्नकार्यात त्याला पहिल्या पंगतीला बसवत. तांडेलानंतर होडीवर त्याचा शब्द. हे सगळं त्या एका भोकावर उभं होतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी थंडी पडली आणि मोतीरामला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना उजव्या कानात कुणी ओला कापूस कोंबावा तसं करून गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं समुद्रात कळक सोडला, कान लावला, आणि कळक मुका. आत नुसता स्वतःच्याच रक्ताचा ठोका. मान वर करून बघतो तर भिकू आणि बाकीचे खलाशी श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघतायत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतकी माणसं आपल्यासाठी श्वास धरून बसली असताना 'काही ऐकू येत नाही' म्हणायला जे काळीज लागतं, ते असतं तर मोतीराम वल्हं मारणाराच झाला असता. त्यानं मावळतीकडं बोट केलं. जाळं पडलं, आणि जाळ्यात घोळी आल्या. चांगल्या मोठ्या, बोत फुगलेल्या. बोत म्हणजे घोळीच्या पोटातली हवेची पिशवी. व्यापारी माशापेक्षा या पिशवीवर जास्त जीव टाकतो.

त्या दिवशी जाळं रिकामं आलं असतं तर मोतीराम वाचला असता. पण देव कधीकधी असा वेळेवर पावतो की माणसाची वाट लागते. मग तो रोज बोट करू लागला. कधी उगवतीला, कधी मावळतीला. दोनदा आणखी नशीब चाललं. मग जाळ्यात शिंगाळे येऊ लागले, मग नुसती झारी येऊ लागली, ती काचेसारखी बुळबुळीत, हाताला लागली की आग करणारी.

"मोतीभाऊ, कळकात खेकडा बसलाय काय तो बघा," तुक्या म्हणाला. तुक्या हा भिकूच्या बायकोचा, वेणूचा धाकटा भाऊ. अंगानं दणकट, आणि अलीकडे मोकळ्या वेळात त्या कळकाला स्वतःचा कान लावून बघायची त्याला सवय लागली होती.

घरी बायकोनं, जमुनानं, आधीच ओळखलं होतं.

"अवो, मी चुलीपाशी आहे, दर्यात नाय. इतकं ओरडून काय बोलता?"

"मी कुठं ओरडतोय?"

शेजारच्या तीन घरांना हे उत्तर ऐकू गेलं. जमुनानं दार लावून घेतलं आणि त्याच्या चांगल्या कानाशी, म्हणजे जो कालपरवापर्यंत चांगला होता त्याच्याशी, तोंड नेऊन सांगितलं, की तलासरीच्या आश्रमशाळेत मुंबईचा कानाचा डॉक्टर येणार आहे. मास्तरीणबाई बोलत होत्या.

"तिथं शाळेतली पोरं तपासणार असतील."

"तुम्ही जावा. कान तो कान. आणि तलासरीला आपल्याला ओळखतंय कोण?"

तलासरीला त्यांना कुणी ओळखत नव्हतं, हे खरं. फक्त शिबिर मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवलं होतं, म्हणजे डोंगरपाड्यांवरचे आईबाप आयते सापडतील. आणि बाजाराच्या दिवशी डहाणूच्या निम्म्या बाया सुके बोंबील घेऊन तलासरीलाच असतात, हे मोतीरामच्या ध्यानात आलं नाही. पुरुषांना मासळी धरेपर्यंतचं कळतं. पुढं ती कुठं जाते हे बायकांचं खातं.

शाळेच्या ओसरीवर रांग होती. सगळी कमरेएवढी पोरं, आणि मध्येच मिशीवाला मोतीराम. पुढं उभी असलेली म्हातारी सोनीबाई डोंगराकडच्या पाड्यावरून नातीला घेऊन आली होती. नातीचा कान वाहत होता. म्हातारीनं मोतीरामच्या मागं पाहिलं, बाजूला पाहिलं.

"तुझा पोर कुठं?"

"मीच."

म्हातारीनं यावर थोडा विचार केला आणि नातीला म्हणाली, "बघ, लहानपणी दाखवला नाय का असा होते."

डॉक्टरांचं नाव नाबर. त्यांनी शाळेच्या बाकावर मोतीरामला बसवलं. त्यांच्याकडे एक नळी होती, तिच्या तोंडाला भिंग, बाजूला रबरी नळी आणि तिच्या टोकाला रबरी फुगा, मोटारीच्या भोंग्याला असतो तसा. नळी त्यांनी उजव्या कानात घट्ट बसवली, भिंगातून आत बघत फुगा दाबला, सोडला, दाबला, सोडला. मोतीरामला कानात कुणीतरी हलकेच ढकलतंय आणि ओढतंय असं वाटलं.

"हलत नाही," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले. "आत पडदा आहे. हवा दाबली की तो आत जायला हवा, सोडली की बाहेर यायला हवा. तुझा भिंतीसारखा उभा आहे. का? पडद्यामागं एक खोली आहे. त्या खोलीत हवा असते. ती हवा नाकामागच्या वाटेनं येते. सर्दीनं वाट बुजली, हवा संपली, खोलीत पाणी भरलं. आता पडदा हलणार कसा?"

"म्हणजे बोत," मोतीराम म्हणाला. "बोतात पाणी शिरलं."

बोत काय हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मोतीरामनं समजावलं. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी ते मदतनीस बाईंना पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मोठा रबरी फुगा घेतला, त्याची नळी मोतीरामच्या एका नाकपुडीत बसवली, दुसरी बोटानं दाबली, तोंडात पाण्याचा घोट दिला. "गीळ म्हटलं की गीळ. गीळ!" आणि त्याच क्षणी फुगा दाबला.

कानात टुक्‌ झालं.

आणि सगळं जग आत शिरलं. बाजारातली बकरी. सोनीबाईच्या बांगड्या. बाहेर रस्त्यावर ट्रकनं बदललेला गिअर. डॉक्टरांचा आवाज इतका वेळ भारदस्त वाटत होता. तो मुळात किरटा निघाला. मोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी पुन्हा पहिली नळी कानात बसवून फुगा दाबला. "हलतोय. थोडा, पण हलतोय." मग सूचना सांगितल्या: पुन्हा भरेल, घाबरायचं नाही. वाफारा घ्यायचा. महिनाभर दर्यावरचा वारा नको. पुढच्या शिबिराला यायचं. नाहीच उघडला तर मुंबईला बारीकशी टोचणी करू, चांगला होईल. "आणि कानात काही घालायचं नाही. तेल नाही, लसूण नाही, पीस नाही, काडी नाही." हवा त्यांनी सांगितली नाही. शहाण्यासुरत्या माणसाला ते सुचणारही नाही.

"अगो बाई! भावजी?" दारातून आवाज आला. टोपली रिकामी झाल्यावर काय गर्दी आहे ते बघायला आलेली वेणू चौकटीत उभी होती. कधीपासून, देव जाणे. "शाळेत नाव घातलंत काय तुम्ही?"

परतीच्या एस.टी.त बोंबलांच्या टोपल्या टपावर आणि वास खाली, अशी वाटणी झाली होती. मोतीरामनं वहिनीला विनवलं, दादाला सांगू नको. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं तेव्हा वेणूनं हात जोडून शपथ घेतली, की कुणाला म्हणून सांगणार नाही. आणि तिनं ती पाळली. नवऱ्याला सांगणं हे काही कुणाला सांगणं होत नाही.

कान दोन दिवस उघडा राहिला. भिकूची होडी तेवढ्यात नेमकी शीड शिवायला काढली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा बुजला. मोतीरामनं वाफारे घेतले, नाक दाबून फुंकर मारून बघितली, मारून मारून डोळे बाहेर यायची वेळ आली. टुक्‌ काही झालं नाही.

भिकू घरी आला तो रागावून नाही, हातात शहाळं घेऊन. भिकू भला माणूस होता. यातलं बरंचसं त्यामुळंच झालं.

"आधी सांगायचं नाय काय रे? मी काय परका?" तो मोतीरामच्या कानाशी ओरडला. "डॉक्टर महिना म्हणतो. महिन्यानं घोळ कुठं असेल, ते त्याला विचारलंस?"

मग भिकू म्हणाला, "तुक्या म्हणतो त्याला थोडं थोडं ऐकू येतं."

हे वाक्य मोतीरामला एकदाच सांगून पूर्ण ऐकू गेलं.

"त्याला काय ऐकू येणार!"

"नाय येत, तर तुझा उघडायला हवा. आज."

संध्याकाळच्या आत भिकूच्या अंगणात, वाळत टाकलेल्या बोंबलांइतक्याच दाटीनं माणसं जमली. चर्चा मोतीरामच्या कानाची होती, त्यामुळे मोतीराम सोडून सगळ्यांनी ती ऐकली. तो मध्ये पाटावर बसून बोलणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होता.

वेणूची साक्ष महत्त्वाची ठरली. शपथेचं आता काही उरलं नव्हतं. "मी डोळ्यानं बघितलं. डॉक्टरनं कानात हवा मारली. मग नाकात मारली. मग परत कानात मारली आणि म्हणाला, हलला."

"म्हणजे कानात दोनदा?"

"दोनदा. नाकात एकदाच."

"आणि हलला तो कानात मारल्यावर?"

"कानातच. मी काय खोटं बोलते?"

वेणू खोटं बोलत नव्हती. कानातली हवा तपासायची होती आणि नाकातली हवा इलाजाची, हे दारातून दिसण्यासारखं नव्हतं. बहुमत कानाचं झालं. शिवाय एक वयस्क गृहस्थ म्हणाले की घरात हवा घ्यायची तर माणूस दार उघडतो, मोरीतून घेत नाही. नाक हे मोरी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. बोताचा दाखलाही निघाला: बोत बसला की फुंकर मारावी, फुगतो. पोरंसुद्धा फुगवतात. ती पोरं शेवटी तो फट्‌कन फोडतात, हे त्या वेळी कुणी काढलं नाही.

"पण फुगा कुठनं आणायचा?" भिकूनं विचारलं.

तुक्या उठला आणि स्टेशनजवळच्या सायकलवाल्याकडून पंप घेऊन आला. त्याच्या मनात काही वाईट होतं असं नाही. असलंच तर ते पंप आणण्याच्या उत्साहात कुठं मिसळलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पंप बघितल्यावर मोतीरामला सगळी चर्चा एकदम कळली. टुक्‌ झालं ते नाकातनं, हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं आणि तो पाटावर बसला होता. त्यानं तोंड उघडलंही. पण नाकातनं त्यानं आठवडाभर केलं होतं आणि काही झालं नव्हतं. डॉक्टर शिकलेला माणूस, दोनदा कानाला नळी लावतो ती काय उगाच? आणि पंप धरून उभा होता तो तुक्या, ज्याला थोडं थोडं ऐकू येत होतं.

"नको वो," जमुना बायकांमधून पुढं आली. "डॉक्टर बोलला ना, काय घालू नका म्हणून."

"घालतोय कोण वयनी? हवाच आहे," तुक्या म्हणाला. "हवा काय आत राहून बसते?"

मोतीरामनं जमुनाकडं बघितलं नाही. रबरी नळीचं टोक स्वतःच हातात घेतलं, भोवती ओलं फडकं गुंडाळलं, कानात घट्ट बसवलं आणि म्हणाला, "हळू मार."

तुक्या हळू मारणाऱ्यातला नव्हता. त्यासाठीच तो होडीवर होता. भिकूनं मोतीरामचं डोकं प्रेमानं दोन्ही हातांत धरलं.

जो आवाज झाला तो फक्त मोतीरामनं ऐकला. बाकीच्यांनी त्याला पाटावरून आडवा होताना बघितलं. अंगण त्याच्याभोवती भोवऱ्यासारखं फिरलं, आकाश बोंबलांवर आलं, आणि तो ओकला. कानातून रक्ताची एक बारीक धार मानेवर उतरली.

"निघालं बघ," कुणीतरी म्हणालं. "घाण होती ती."

मोतीराम अंथरुणाला लागला. उठायला गेला की भिंती तिरप्या होत. जमुना रक्त पुसायची, मग रक्ताच्या जागी पू पुसायची, आणि समाचाराला येणाऱ्यांशी एक अक्षर बोलायची नाही. येणारे बरेच होते. अंगणातला प्रत्येक जण येऊन गेला, कारण इलाज सगळ्यांनी मिळून केला होता. त्यांच्या तोंडांची हालचाल मोतीराम बघायचा. आवाज येत नव्हता. भांडं पडलं तरी नाही, जमुना उशाशी रडली तरी नाही.

आणि मग एका सकाळी त्याला ऐकू आलं.

गुर्र. गुर्र. खोल, भरलेलं, एकाला एक लागून. इतका मोठा थवा त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. तो उठून बसला, जमुनाचा हात धरला.

"घोळ आलीय! ऐक! खाडीत आलीय!"

जमुना दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर ओहोटी होती आणि चिखलात बगळे. तिनं मान हलवली. पण शेजारणीनं ऐकलं होतं, आणि सूर्य वर यायच्या आत बातमी बंदरावर गेली: मोतीरामचा कान उघडला. नुसता उघडला नाही, त्याला आता घरबसल्या घोळ ऐकू येते, कळकाशिवाय. वयस्क गृहस्थ म्हणाले, मी म्हटलं नव्हतं? सायकलवाल्यानं पंप जरा वर टांगून ठेवला, म्हणजे गिऱ्हाइकांना दिसावा.

भिकूनं त्याला धरून होडीत चढवलं. शीड भरलं, किनारा बारीक झाला, आणि नेहमीच्या ठिकाणी सगळे श्वास धरून बसले. मोतीरामनं कळक पाण्यात सोडला आणि कान लावला. गुर्र, गुर्र. त्याचा चेहरा असा उजळला की मागं बसलेल्यांनी जाळं हातात घेतलं.

मग, बाजू ओळखायला म्हणून, त्यानं कान कळकापासून काढला.

गुर्र, गुर्र.

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा काढला. कळक पाण्यातून वर ओढून होडीत आडवा ठेवला. थवा त्याच्याबरोबर वर आला आणि होडीत बसला.

या वेळी त्याच्यापाशी काळीज होतं, किंवा दुसरं काही उरलं नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "हे दर्यात नाय. हे माझ्या कानात आहे. मला काय ऐकू येत नाय. तू बोलतोस तेपण नाय."

भिकू हसला. पाठीवर थाप मारली. हातानं विचारलं, कुठं? इकडं, की तिकडं?

"सगळीकडं सारखंच आहे रे! कानातच आहे!"

"सगळीकडं आहे म्हणतो," भिकूनं बाकीच्यांना सांगितलं. ज्या अंगणात सगळ्यांनी मिळून इलाज केला, त्याच अंगणात होडीतली सगळी माणसं त्या दिवशी होती. इलाज फसला असं म्हणायला त्यांच्यातला निदान एक जण तरी तिथं नसायला हवा होता. जाळं टाकलं. जाळं रिकामं आलं. जरा पुढं जाऊन टाकलं. मग जरा मागं. उन्हं कलेपर्यंत टाकलं. झारीनं खलाशांचे हात लाल झाले आणि हळूहळू मोतीरामकडं बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

शेवटी भिकू त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. तोंड जवळ आणून काहीतरी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला असावा, कारण मागं तुक्यानं मान खाली घातली आणि दोराची गाठ, जी सुटलेली नव्हती, ती सोडायला घेतली.

भिकूच्या ओठांवर ते स्वच्छ दिसत होतं. उद्यापासून तू येऊ नको.

मोतीरामला कळलं. त्यानं भावाच्या डोळ्यांकडं बघत कानामागं हात धरला.

"काय?" तो म्हणाला.

भिकूला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"काय?"